नवव्या मजल्यावरच्या बाईंना एक तारा

एका पत्राचं उत्तर आजोबांनी दिलं नव्हतं. तशी आयुष्यात त्यांनी पुष्कळ पत्रांची उत्तरं दिली नव्हती, पण बाकीची पत्रं ते सोयीने विसरले होते. हे एक विसरता येत नव्हतं, कारण ते जाड शब्दकोशात ठेवलेलं होतं आणि शब्दकोश रोज लागायचा. शब्द शोधताना ती दोन पानं आली की आजोबा चटकन पुढे सरकत. त्या पानांवरचे शब्द त्यांनी एकतीस वर्षांत पाहिले नव्हते. त्यांचे अर्थ होते तेच असतील, असं ते धरून चालत.

पत्र एका दहा वर्षांच्या मुलीचं होतं. त्या काळी आजोबा एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. तिथे एक साप्ताहिक छापलं जाई आणि त्याच्या शेवटच्या पानावर आकड्यांचं कोडं असे. ते रचायचं कामही हळूहळू आजोबांच्याच गळ्यात पडलं होतं. नऊ घरांचा चौकोन, त्यात एक ते नऊ आकडे असे भरायचे की आडवी, उभी, तिरपी, कुठलीही बेरीज पंधरा यावी. तीन आकडे छापून द्यायचे, उरलेले वाचकाने शोधायचे. एका आठवड्यात त्या तिनातला एक आकडा छापताना गळला. मधला पाच आणि कोपऱ्यातला आठ एवढेच राहिले, आणि तेवढ्यावर कोड्याची दोन उत्तरं निघू लागली. प्रूफ आजोबांनीच तपासलं होतं. पुढच्या अंकात उत्तर मात्र एकच छापून आलं.

मुलीने लिहिलं होतं, "माझं उत्तर वेगळं आहे पण सगळ्या बेरजा पंधराच येतात. मी तीनदा केल्या. बाबा म्हणतात, छापलेलं तेच खरं. मग माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. हे आजोबांना पत्र वाचतावाचताच कळलं. त्यांनी त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं. पहिला मसुदा फार सरकारी वाटला. दुसऱ्यात त्यांनी छापखान्याची बाजू मांडली आणि मग ती सबब वाटली म्हणून खोडली. तिसरा दहा वर्षांच्या मुलीला कळेल असा करता करता महिना गेला. मग उशिराबद्दल माफी मागणं आलं. सहा महिन्यांनी ती माफीच एवढी लांबली की उत्तराला कागदावर जागा उरेना. मग पत्र शब्दकोशात गेलं.

छापखान्यात त्यांना सगळे 'अनुस्वार' म्हणायचे. अंगाने बारीक, आवाज नाही, आणि असले-नसले तरी लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. आजोबांना ते नाव आवडायचं. त्यांना वाटे, यापेक्षा जास्त आपण नव्हतोच.

आता छापखाना नव्हता, साप्ताहिकही नव्हतं. आजोबा मुलाकडे राहत होते. मुलगा कामानिमित्त आठ-आठ महिने बोटीवर असे, त्यामुळे घरात खरी तिघंच. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. नात कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती. एका जागी बसणं तिला जमत नसे, म्हणून लहानपणापासून घरात तिला भिंगरीच म्हणत. हीच भिंगरी महिन्याभरापूर्वी सलग तीन दिवस एका खुर्चीत बसली, तेव्हा सुनेने थर्मामीटर आणून तिच्या काखेत धरला होता.

ताप नव्हता, गेम जॅम होता. म्हणजे काय, ते भिंगरीने आजोबांना चहा पिता पिता समजावलं होतं. एक स्पर्धा असते. सगळ्यांना एकच विषय मिळतो, आणि त्यावर तीन दिवसांत कम्प्युटरवर खेळायचा एक गेम बनवायचा. मग तीन आठवडे जगातल्या कोणीही यावं, ते गेम खेळावेत, खाली कमेंट लिहावी, तारे द्यावेत. ताऱ्यांच्या सरासरीवरून नंबर लागतो. यंदाचा विषय होता, 'परत जागेवर'. भिंगरीला काही सुचेना. ती आजोबांच्या खोलीत येऊन पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "तुमच्या आयुष्यात काय परत जागेवर ठेवायचात तुम्ही?"

"खिळे," आजोबा म्हणाले.

छापून झालं की मजकूर मोडायचा आणि शिशाचं एकेक अक्षर, म्हणजे खिळा, आपापल्या खणात परत टाकायचा. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. ते उलटंच ओळखायचं आणि हात न थांबवता टाकायचं. भिंगरी ताडकन उठून बसली. त्यातून त्यांचा गेम झाला, 'उलटी अक्षरं'. चित्रं आणि प्रोग्रॅम भिंगरीचा, बाराही लेव्हल आजोबांनी रचलेल्या, आणि खिळा खणात पडल्याचा आवाजही आजोबांचा. त्यांच्याकडे आठवण म्हणून राहिलेले चार खिळे त्यांनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात एकेक करून टाकले होते. सूचनाही त्यांनीच लिहिल्या होत्या. भिंगरीने त्या नऊ वेळा कापल्या, तरी पान भरून उरल्याच.

गेम लागला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून कमेंट येऊ लागल्या. भिंगरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. चौथ्या लेव्हलला अडकलो, पण सोडवेना. आवाज फार छान आहे, कशाचा आहे? 'ध' आणि 'घ' शेजारी ठेवणाऱ्याला माझा शाप लागेल. एकाने लिहिलं होतं की सूचना वाचून होईपर्यंत माझा स्टॉप आला आणि मी उतरलो. सून हसता हसता पुसत असलेला चष्मा खाली ठेवून बसली होती. आजोबांना मात्र त्या माणसाचा पत्ता घेऊन त्याची क्षमा मागावीशी वाटली.

मग भिंगरीच्या परीक्षा आल्या. जाता जाता तिने आजोबांवर एक काम सोपवलं. या स्पर्धेत अशी रीत होती की तुम्ही इतरांचे जितके गेम खेळाल, त्यांच्याबद्दल जितकं लिहाल, तितका तुमचा गेम यादीत वर दिसतो. आपल्याला पहिल्या शंभरात यायचंय, ती म्हणाली, फक्त शंभरात. एकूण तीनशे बारा गेम होते. तिने आजोबांचं खातं उघडून दिलं, 'अनुस्वार' याच नावाने. खेळा, दोन ओळी लिहा, तारे द्या, एवढंच सांगून ती अभ्यासाला गेली. आपल्या गेमचे तारे मात्र परीक्षा होईपर्यंत दोघांनीही पाहायचे नाहीत असं ठरलं, कारण दोघांचीही झोप उडाली असती.

आजोबांना कामाचा माणूस म्हणून कोणी बोलावलं त्याला बारा वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते दाढी करून, स्वच्छ सदरा घालून जेवणाच्या टेबलाशी बसले. डावीकडे वही, उजवीकडे पेन्सिल, समोर कम्प्युटर. दहा ते एक. रोज तीन गेम. गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय ते त्यावर एक अक्षर लिहीत नसत. एका गेममध्ये ससा होता, आणि तो ससा खड्ड्यात पडू नये म्हणून आजोबा दोन दिवस झटत होते. सून दुकानातून जेवायला आली की विचारी, "बाबा, आज ससा कसा आहे?" आणि आजोबा प्रकृती सांगावी तसं सांगत.

त्यांना सगळ्यांत आवडला तो एक लिफ्टचा गेम. 'तीन वर, दोन खाली'. एक जुनी इमारत, तिच्यातली लिफ्ट बिघडलेली. ती एका वेळी तीनच मजले वर चढते आणि दोनच खाली उतरते. एवढ्यावरच सगळ्या माणसांना आपापल्या मजल्यावर पोचवायचं. शेवटच्या लेव्हलला नवव्या मजल्यावर एक म्हातारी बाई पिशवी घेऊन उभी असते. तिला खाली रस्त्यावर जायचं असतं. आजोबांना ते जमायला अडीच तास लागले. शेवटी ती बाई खाली पोचली, दार उघडलं, आणि ती पिशवी सांभाळत उन्हात गेली. पुढे काही नाही, गेम संपला. आजोबा उठून खिडकीशी गेले. खालच्या रस्त्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग परत येऊन त्यांनी हे सगळं जसंच्या तसं कमेंटमध्ये लिहिलं, खिडकीशी गेलो ते सुद्धा.

आणि त्या गेमला त्यांनी एक तारा दिला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आजोबांच्या छापखान्यात तपासनीसाला जिथे शंका येई, तिथे समासात तो एक तारा काढी. प्रुफाच्या माथ्यावर ताऱ्यांची बेरीज लिहायची. पाच ताऱ्यांचं प्रूफ म्हणजे आनंदच, परत जुळणीला, खिळे पुन्हा लावायला. एक तारा म्हणजे जवळजवळ निर्दोष, छपाईला पाठवायला हरकत नाही. चाळीस वर्षं आजोबांच्या हाताने हेच केलं होतं. सिनेमाच्या परीक्षणाखाली तारे छापतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते पानही तेच तपासायचे. पण तिथे ते तारे सगळे उमटलेत की नाहीत एवढंच पाहत, त्यांचा अर्थ पाहायचं काम त्यांचं नव्हतं. इथे तर वर स्वच्छ लिहिलं होतं, 'या गेमचं परीक्षण करा', आणि खाली पाच रिकामे तारे. शून्य तारे द्यायची सोयच नव्हती. आजोबांना ते फार पटलं होतं. ज्याने कोणी हे बनवलंय तो जाणता माणूस दिसतो, त्यांच्या मनात आलं. माणसाच्या हातचं एकही काम अगदी निर्दोष नसतं, हे त्याला कळलेलं आहे.

अशा रीतीने आजोबांनी सोळा दिवसांत एकेचाळीस गेम तपासले. सशाला तीन तारे, कारण खड्डे चुकीच्या जागी होते. एका पोराचा गेम सुरूच होत नव्हता, झाला तर बंद होत नव्हता. त्याला पाच तारे आणि 'पुन्हा एकवार नजरेखालून घालावे' असा शेरा. उत्तमोत्तम अशा अकरा गेमना एकेक तारा. कम्प्युटरच्या कोपऱ्यात एका घंटेच्या चित्राशेजारी लाल आकडा रोज वाढत होता. आपण किती वेळ बसलो ते तो मोजत असावा असं आजोबांना वाटलं, आणि आकडा पंधराच्या वर गेला त्या दिवशी त्यांनी डोळ्यांना जरा विश्रांती दिली.

शनिवारी दुपारी भिंगरीचा शेवटचा पेपर झाला. ती आली ती चपला न काढताच टेबलाशी बसली. मुदत रविवारी संध्याकाळी सहाला संपत होती. आजोबा शेजारी वही उघडून तयार होते. हिने शाबासकी दिली तर आपण काय बोलायचं, ते त्यांनी मनात जुळवूनही ठेवलं होतं.

भिंगरीने आधी स्वतःचा गेम उघडला. कपाळाला आठी घातली. त्यांच्या गेमला मधले तारे जवळजवळ कोणी देतच नव्हतं, बहुतेकांचे एक तर पाच तारे, नाही तर एक. विचित्र आहे, ती पुटपुटली. मग तिने घंटेवर बोट ठेवलं आणि वाचत सुटली. वाचता वाचता तिचं पायांचं हलणं थांबलं. भिंगरीचे पाय थांबले की घरात सगळे सावध होत. स्वयंपाकघरातून सून डोकावून गेली.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तारे कसे दिलेत?"

आजोबांनी वही पुढे केली आणि पद्धत सांगितली. सांगताना त्यांना थोडा अभिमान वाटत होता, तो त्यांच्या आवाजात आला. भिंगरीने सगळं ऐकून घेतलं. मध्येच तिला हसू फुटलं, आणि मग आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहून ते कुठल्या कुठे गेलं.

"आजोबा, पाच म्हणजे उत्तम," ती म्हणाली. "एक म्हणजे भंगार."

आजोबांनी वही मिटली. पेन्सिल तिच्यावर नीट आडवी ठेवली. मग ती उचलून पुन्हा ठेवली.

या स्पर्धेत कोणी कोणाला किती तारे दिले ते सगळ्यांना दिसत असे. ज्यांना पाच मिळाले होते त्या अर्ध्याकच्च्या गेमवाल्यांनी खुशीत येऊन 'उलटी अक्षरं'ला पाच दिले होते. सुरूच न होणाऱ्या गेमच्या पोराने तर लिहिलं होतं की माझ्या आयुष्यात मला कोणी पाचपैकी पाच दिलेले नाहीत. आणि ज्यांचे गेम आजोबांना डोक्यावर घेऊन नाचावेत इतके आवडले होते, त्यांच्यातल्या काहींनी येऊन रागाने एकेक तारा मारला होता. एकाने विचारलं होतं, गोड बोलून गळा कापायचं हे कुठे शिकलात?

लिफ्टच्या गेमवाल्याने मात्र काहीच मारलं नव्हतं. त्याने उलट 'उलटी अक्षरं' बाराव्या लेव्हलपर्यंत खेळून चार तारे दिले होते, आणि आजोबांच्या कमेंटखाली लिहिलं होतं. भिंगरीने ते वाचून दाखवलं नाही, कम्प्युटर आजोबांकडे वळवला.

'अनुस्वार, तुम्ही खिडकीशी गेलात हे मी माझ्या आईला वाचून दाखवलं. नवव्या मजल्यावरच्या बाई म्हणजे तीच. तिच्या इमारतीची लिफ्ट दोन वर्षं बंद आहे, आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतो. मालक मला तिथे हात लावू देत नाही. हा माझा पहिलाच गेम. आईने विचारलं, एवढं आवडलं तर एकच तारा का? मला सांगता आलं नाही. राग नाही. पण माझं काय चुकलं ते सांगाल का?'

खाली तारीख होती. सहा दिवसांपूर्वीची.

आजोबांनी ते दोनदा वाचलं. मग डोकं दुखतंय म्हणून ते खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. भिंगरी दाराबाहेरून सांगत होती की तारे बदलता येतात, उद्या सहापर्यंत सगळं सरळ करता येईल, एक-एक करून सगळ्यांना कळवू, काही आभाळ कोसळलेलं नाही. आजोबा आतून म्हणाले, "तूच लिही ना त्याला. चुकून झालं म्हणावं. तुझी भाषा बरी आहे."

भिंगरी म्हणाली की तारे मी बदलीन, बाकीच्यांना सांगीनही. पण हे तुम्हाला विचारलंय.

संध्याकाळी चहाला आजोबा बाहेर आले. त्यांना पोरीचं वाईट वाटत होतं. शंभरात यायचं होतं तिला. त्याहून जास्त त्या लिफ्टवाल्याचं वाटत होतं, आणि त्याहूनही, नवव्या मजल्यावर दोन वर्षं बसलेल्या त्या बाईचं, जिने आपल्या मुलाला विचारलं होतं, आणि मुलाला सांगता आलं नव्हतं. एक बाई घराबाहेर पडू शकत नाही, तिला तिच्या पोराने निदान गेममध्ये तरी खाली उतरवून उन्हात नेलं. त्यावर आपण शेरा मारला, भंगार. मेलेल्या छापखान्याच्या नियमाने.

सून समोर बसून आपला चष्मा पुसत होती. ती बोलायची कमी, आणि बोलली तर कामाचं बोलायची.

"बाबा," ती म्हणाली, "त्या कोड्यातल्या पोरीचंही असंच झालं का?"

आजोबांनी दचकून वर पाहिलं. सून म्हणाली की शब्दकोश मीच पुसते दर महिन्याला, पत्र त्यातून खाली पडतं. कुठल्या पानात होतं ते पाहून मी परत ठेवते. एवढं बोलून तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कपबशा उचलून आत गेली. रागावली असती तरी परवडलं असतं, असं आजोबांना वाटलं.

रविवारी सकाळी दहाला आजोबा दाढी करून टेबलाशी बसले. भिंगरी शेजारी. आधी तारे. एकेचाळीस गेम, एकेक उघडून, आजोबांनी वहीतून वाचायचं आणि तिने बदलायचं. पाचाचा एक, एकाचे पाच. प्रत्येकाखाली दोन ओळींची दुरुस्ती. सुरूच न होणाऱ्या गेमपाशी आजोबांचा हात वहीवर अडला. त्याचे पाच काढून घ्यायचे? राहू दे तसेच, भिंगरी म्हणाली, बिचारा खूश आहे. आजोबांनी विचार केला. शेवटी त्यांनी दोन तारे द्यायला सांगितले आणि स्वतः लिहिलं की तुमच्या गेममध्ये आकाशाचा रंग फार सुंदर आहे, तेवढा पाहण्यासाठी मी तो तीनदा सुरू केला, हे खरं आहे. तासाभरात त्याचं उत्तर आलं. 'मलाही जरा शंका आलीच होती. आकाश माझ्या बहिणीने रंगवलंय.'

दुपारी तीनपर्यंत चाळीस झाले. लिफ्टचा राहिला. त्याचे तारे भिंगरीने सकाळीच पाच केले होते. उत्तर लिहायचं होतं.

आजोबांनी आधी कागदावर लिहायला घेतलं. कम्प्युटरवर थेट लिहिणं म्हणजे त्यांना मसुद्याविना मजकूर छापायला देण्यासारखं वाटे. पहिल्या कागदावर छापखान्याची पद्धत आली, समास आला, ताऱ्यांची बेरीज आली. कागद पाठपोट भरला. दुसऱ्यावर ते सगळं थोडक्यात आलं, पण उशिराची माफी वाढली. तिसऱ्यावर त्यांनी 'आदरणीय' लिहून खोडलं, 'प्रिय' लिहून खोडलं, आणि मग पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक चांगलंच होतं. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. भिंगरी शेजारी बसून पाय हलवत होती. आजोबांना हे सगळं ओळखीचं वाटू लागलं. हाच कागद, हेच टोक काढणं, आता महिना जाईल, मग सहा महिने.

"मला नाही जमणार ते," आजोबा म्हणाले. "मला एवढंसं लिहिताच येत नाही. दुसऱ्याचं दुरुस्त करता येतं फक्त."

भिंगरीने तिन्ही कागद आपल्याकडे ओढून उपडे ठेवले.

"त्याने काय विचारलंय?"

"माझं काय चुकलं."

"मग? काय चुकलं त्याचं?"

"काही नाही," आजोबा म्हणाले. "काहीच नाही गं."

भिंगरीने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

आजोबांनी चष्मा नीट केला आणि एका बोटाने लिहिलं. 'तुमचं काहीच चुकलं नाही. तुमचा गेम मला सगळ्यांत आवडला. तारे उलटे दिले ही माझी चूक. मी म्हातारा आहे आणि आमच्याकडे एक तारा म्हणजे उत्तम असे. आईंना सांगा, आता पाच केले आहेत. सात दिवस उत्तर दिलं नाही, तीही माझीच चूक.' मग त्यांनी 'पाठवा' असं लिहिलेलं बटण शोधलं. भिंगरीला त्यावर बोट ठेवू दिलं नाही.

पाठवलं आणि लगेच त्यांना त्यातल्या चुका दिसू लागल्या. 'आमच्याकडे' म्हणजे कुणीकडे, ते त्याला कसं कळणार? 'आईंना' म्हणायला नको होतं, ओळख ना पाळख. ते भिंगरीला हे सांगत होते तोवर घंटेशेजारी लाल एक उमटला.

'आई इथेच बसली आहे,' लिफ्टवाल्याने लिहिलं होतं. 'ती म्हणते, ताऱ्यांचं जाऊ द्या. खिडकीशी गेलात, ते खरं ना?'

आजोबांनी एका बोटाने लिहिलं, 'खरं.' आणि थोडं थांबून, 'ऊन होतं.'

मग ते उठले. भिंगरीला वाटलं, खिडकीशी जातील. पण ते खोलीत गेले आणि शब्दकोश घेऊन आले. तो टेबलावर ठेवून त्यांनी ती दोन पानं उघडली. पत्राची घडी पिवळी पडली होती आणि घडीवर फाटत आली होती. वरच्या कोपऱ्यात गोल अक्षरांत पूर्ण पत्ता होता, घर नंबरासकट. भिंगरीने वाचलं. तिला याचं काही ठाऊक नव्हतं, तिने विचारलंही नाही. तिने उपडे ठेवलेल्या कागदांतला एक उचलून आजोबांपुढे ठेवला, ज्याची अर्धी बाजू कोरी होती तो. आजोबांनी नकारार्थी मान हलवली आणि आतून नवा, पांढरा कागद आणला.

या वेळी मसुदा केला नाही. ती मुलगी आता चाळिशीची असेल, तिची मुलं तिच्या त्या वेळच्या वयाहून मोठी असतील, हे मनात येत होतं. त्या घरात दुसरंच कोणीतरी राहत असेल, हेही येत होतं. तरी त्यांनी लिहिलं ते दहा वर्षांच्या मुलीलाच. तुझं उत्तर बरोबर होतं. एक आकडा छापायचा राहिला होता, तो माझ्या नजरेतून सुटला. तुझं काहीच चुकलं नव्हतं, हे मला त्याच दिवशी माहीत होतं. बाबांना सांग. खाली त्यांनी चौकोन काढून तिचं उत्तर त्यात भरलं, आडव्या-उभ्या बेरजा करून पाहिल्या आणि सही केली.

भिंगरीने पाकीट शोधलं. तिकिटं सुनेच्या पर्समध्ये निघाली. सून म्हणाली, एक नका लावू, दोन लावा, लांबचं आहे. आणि मागे आपला पत्ता लिहा, म्हणजे कोणी नसलंच तर परत येईल. आजोबांनी दोन लावली. मागे पत्ता लिहिताना ते जरा थांबले. परत आलं तर पुन्हा शब्दकोशात ठेवायचं का, असा विचार त्यांच्या डोक्यात आला असावा. मग त्यांनी पत्ता लिहिला.

पत्रपेटी चौकापलीकडे, बंद असलेल्या औषधाच्या दुकानाच्या भिंतीला होती. आजोबा आणि भिंगरी चालत निघाले. ती त्यांच्या चालीने चालायचा प्रयत्न करत होती आणि दर चार पावलांनी पुढे जाऊन परत येत होती. वाटेत तिच्या हातातला फोन थरथरला. सहा वाजले होते. मुदत संपली होती आणि नंबर लागले होते.

"बघ ना," आजोबा म्हणाले.

"आधी ते टाका," भिंगरी म्हणाली आणि फोन खिशात घातला.

पेटीपुढे आजोबांनी पाकीट दोन्ही हातांनी धरलं. ते उघडून एकदा वाचावं, निदान घर नंबर तपासावा, असं त्यांना फार वाटलं. पाकीट चिकटवलेलं होतं. भिंगरी शेजारी उभी होती, आणि तिचे पाय स्थिर होते. आजोबांनी पाकीट फटीत सरकवलं, बोटांनी आणखी थोडं आत ढकललं, आणि सोडून दिलं.

आत काहीतरी अलगद पडल्याचा आवाज आला.